मागितले वाचणे, मिळाले लिहिणे

जून महिना उजाडला की शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत नव्या नेमणुकांची आणि कामवाटपाची धांदल सुरू होते. कोणत्या लिपिकाकडे प्रवेशाचे टेबल, कोणाकडे परीक्षा विभाग, कोणत्या शिक्षकाकडे कोणत्या तुकडीची गुणपत्रके, याचा आदेश निघतो, त्यावर सह्या होतात आणि आवक-जावक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो. पूर्वी एवढ्यावर काम संपत असे. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती, दप्तर त्याच्या ताब्यात, हा व्यवहार सर्वांना समजणारा होता. आता दप्तर संगणकात गेले आहे आणि किल्लीची जागा एका यादीने घेतली आहे. या यादीत तीन रकाने असतात: व्यक्तीचे नाव, फोल्डरचे नाव आणि परवानगीचे नाव. 'वाचणे', 'बदल करणे', 'पूर्ण ताबा' असे साधे शब्द तिसऱ्या रकान्यात लिहिलेले असतात. यादी संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे जाते. तो एक लहानशी आज्ञावली, म्हणजेच स्क्रिप्ट, चालवितो आणि पाच मिनिटांत दोनशे फोल्डरांना कुलपे बसतात. आदेशावर सही करणाऱ्याने ती स्क्रिप्ट पाहिलेली नसते आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने बहुधा मूळ आदेश वाचलेला नसतो.

वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. शब्द द्यावेत आणि यंत्राने त्यांचे अधिकार करावेत, यात चर्चा करण्याजोगे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु शब्दाचा अधिकार होतो तो क्षण हाच खरा निर्णयाचा क्षण असतो. आदेशात 'वाचणे' असे लिहिले म्हणून त्या माणसाला केवळ वाचता येईल, असे मुळीच नाही. स्क्रिप्टमधील तक्त्यात 'वाचणे' या शब्दासमोर जो आकडा असेल, तोच यंत्रापुरता खरा आदेश होय. तेव्हा हा तक्ता कोण लिहितो, कोण तपासतो आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हा प्रश्न तंत्राइतकाच कारभाराचा आहे.

यंत्राला शब्द कळत नाहीत, आकडे कळतात, ही गोष्ट जुनी आहे. एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रुळू लागली, तेव्हाच एकाचे दप्तर दुसऱ्यापासून कसे राखावे हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या मल्टिक्स या प्रकल्पात प्रत्येक फाईलसोबत कोणी काय करावे याची यादी ठेवण्याची कल्पना रुजली. पुढे १९७० च्या दशकात युनिक्स या प्रणालीने हा व्यवहार फार सुटसुटीत केला. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असे अंक दिले, व मालक, त्याचा गट आणि इतर सर्व अशा तिघांसाठी तीन अंक ठेवले. ६४० म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांनी काहीच करू नये. चौथीतील मुलालाही समजेल असे हे गणित आहे.

विंडोज एनटी ही प्रणाली १९९३ साली आली आणि हे गणित बरेच वाढले. तेथे प्रत्येक बारीकसारीक अधिकाराला एक स्वतंत्र घर आहे. घरात एक असेल तर अधिकार आहे, शून्य असेल तर नाही. घरांची किंमत १, २, ४, ८ अशी दुपटीने चढत जाते. फाईलमधील मजकूर वाचणे १, मजकूर लिहिणे २, फाईल पुसून टाकणे ६५,५३६, परवानग्यांची यादी वाचणे १,३१,०७२, ती यादी बदलणे २,६२,१४४. कार्यालयात जी ठोक नावे वापरली जातात ती अशा अनेक घरांची गोळाबेरीज असते. 'रीड' म्हणजे १,३१,२०९. 'रीड अँड एक्झिक्यूट', म्हणजे वाचणे व चालविणे, १,३१,२४१. 'राइट' म्हणजे २७८. 'मॉडिफाय' म्हणजे १,९७,०५५ आणि 'फुल कंट्रोल' म्हणजे २०,३२,१२७. यांतील नाते पाहण्यासारखे आहे. वाचणे-चालविणे याच्या १,३१,२४१ मध्ये लिहिण्याचे २७८ मिळविले आणि पुसण्याचे ६५,५३६ मिळविले की बरोबर १,९७,०५५, म्हणजे 'मॉडिफाय' तयार होते. तात्पर्य, ज्याला केवळ 'राइट' दिले त्याला लिहिता येते पण फाईल पुसता येत नाही, आणि ज्याला 'मॉडिफाय' दिले त्याला ती पुसताही येते. मराठीत या दोहोंना 'बदल करणे' म्हटले तर कानाला खटकत नाही. दप्तराच्या दृष्टीने मात्र हा फरक नोंदवहीत ओळ घालणे आणि नोंदवही बंबात घालणे यांतील आहे.

वरील बेरीज जुळली, ती तिन्ही रकमांत एकही घर सामाईक नव्हते म्हणून. घर सामाईक असेल तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, एका लिपिकाचे नाव यादीत दोनदा आले. एका ओळीत 'रीड' आणि दुसऱ्या ओळीत 'रीड अँड एक्झिक्यूट'. दोन्ही वाचण्याच्याच परवानग्या. घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टने त्या एकत्र करताना अधिकाराची घरे जुळविण्याऐवजी साधी बेरीज केली. १,३१,२०९ अधिक १,३१,२४१ बरोबर २,६२,४५०. बेरीज अचूक आहे. परंतु शाळेत शिकविलेला हातचा येथे घात करतो. मजकूर वाचण्याचे १ आणि १ मिळून २ झाले, आणि २ हे मजकूर लिहिण्याचे घर. परवानग्यांची यादी वाचण्याचे १,३१,०७२ दोनदा आले, त्यांचे २,६२,१४४ झाले, आणि ते घर परवानग्या बदलण्याचे. फाईलच्या गुणधर्मांबाबतही तोच प्रकार. वाचण्याच्या घरातील हातचा शेजारच्या लिहिण्याच्या घरात जाऊन बसला. परिणाम असा की ज्याने दोनदा वाचण्याची परवानगी मागितली, त्याला मजकूर वाचण्याचा अधिकार उरला नाही. मात्र मजकूर लिहिण्याचा आणि कोणाला कोणते अधिकार असावेत ते ठरविण्याचा अधिकार मिळाला. यंत्राने तक्रार केली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने २,६२,४५० हाही एक वैध आकडाच आहे.

हे उदाहरण कोणाला अतिशयोक्त वाटेल. परंतु ज्याच्या हाताशी कागद-पेन्सिल आहे त्याने ते करून पाहावे. विंडोजची पॉवरशेल ही आज्ञाभाषा २००६ सालापासून उपलब्ध आहे. तिच्यात इंग्रजी नावांचे अधिकारांत रूपांतर करण्याची तयार सोय आहे. ती घरे योग्य रीतीने जुळविते आणि अनोळखी नाव आले तर ते नाकारते. दोष उद्भवतो तो कार्यालयाचे शब्द आणि प्रणालीचे शब्द निराळे असतात तेव्हा. मग तंत्रज्ञ मधला दुभाषी म्हणून स्वतःचा तक्ता लिहितो, आणि दुभाषाची चूक दोन्ही बाजूंना कळत नाही.

गणित अचूक असले तरी शब्द फसवितात, ही यापुढची अडचण. 'मॉडिफाय' आणि 'फुल कंट्रोल' यांत फारसा भेद नाही असे मानून, कटकट नको म्हणून 'फुल कंट्रोल' देऊन टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. या दोहोंतील खरा भेद मुख्यतः तीन अधिकारांचा आहे: फोल्डरमधील सर्व काही पुसणे, परवानग्या बदलणे आणि मालकी स्वतःकडे घेणे. म्हणजे 'पूर्ण ताबा' देणाऱ्याने दप्तराबरोबर अधिकार वाटण्याचा अधिकारही देऊन टाकलेला असतो. मुख्याध्यापकाने लिपिकाला कपाटाची किल्ली द्यावी आणि सोबत किल्ल्या पाडण्याचा साचाही द्यावा, तसा हा प्रकार. युनिक्समध्ये दुसरा एक चकवा आहे. तेथे फाईल पुसण्याचा अधिकार फाईलवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर असतो. फाईलवर केवळ वाचण्याची परवानगी असलेला माणूस, फोल्डरवर लिहिण्याची व आत शिरण्याची परवानगी असेल तर, ती फाईल सर्रास काढून टाकू शकतो. हे टाळण्यासाठी फोल्डरवर वेगळी खूण करावी लागते. एकच शब्द फाईलवर एक अर्थ धारण करतो आणि फोल्डरवर दुसरा.

भाषेमुळेही हाच घोटाळा होतो. विंडोजमधील 'एव्हरीवन', म्हणजे 'सर्वजण', या गटाचे नाव जर्मन आवृत्तीत 'येडर' असते. इंग्रजी नाव गृहीत धरून लिहिलेली स्क्रिप्ट जर्मन संगणकावर चालविली की तो गट सापडत नाही. म्हणून जाणते तंत्रज्ञ नावाऐवजी त्या गटाचा ठरीव ओळखक्रमांक वापरतात, कारण तो सर्व भाषांत एकच असतो. नाव बदलते, अधिकार बदलत नाही, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध केला आणि कचेऱ्यांतील इंग्रजी हुद्द्यांना मराठी नावे मिळाली. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला म्हणून त्याचा अधिकार काडीइतकाही वाढला अथवा घटला नाही. तो कायद्याने ठरलेला होता आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेसारख्या कायद्यांतच तो शोधावा लागतो. कोशाने नाव दिले, कायद्याने अधिकार दिला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे प्रशासनाला तेव्हा ठाऊक होते. संगणकापुढे बसल्यावर त्याचा विसर पडण्याचे कारण नाही.

या प्रश्नाचा तात्त्विक विचार पन्नास वर्षांपूर्वीच झालेला आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी सप्टेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकातील माहितीच्या रक्षणाची आठ सूत्रे मांडली. त्यांपैकी एक असे की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. दुसरे असे की मुळात नकार असावा आणि परवानगी स्पष्ट दिली तरच मिळावी. स्क्रिप्टच्या संदर्भात या दुसऱ्या सूत्राचा अर्थ फार सरळ आहे. यादीत 'वाचने' असा हस्तदोष झाला आणि तो शब्द तक्त्यात सापडला नाही, तर स्क्रिप्टने काय करावे? थांबावे, तक्रार करावी आणि काहीही देऊ नये. प्रत्यक्षात मात्र तक्रारींचा ससेमिरा टाळण्यासाठी त्रुटीचे संदेश दाबून टाकण्याची, किंवा न समजलेल्या शब्दाला एखादा ढोबळ अधिकार लावून मोकळे होण्याची पळवाट काढली जाते. हस्तदोषाला बक्षीस मिळावे असाच हा न्याय झाला.

विंडोजमधील एक बारकावा या संदर्भात प्रत्येक कारभाऱ्याने ध्यानात ठेवावा. फाईलला परवानग्यांची यादी आहे पण ती कोरी आहे, अशा स्थितीत तिच्या मजकुरापर्यंत कोणालाही जाता येत नाही. परंतु यादीच नाही, अशी स्थिती असेल तर प्रत्येकाला पूर्ण ताबा मिळतो. कोरी यादी आणि नसलेली यादी या दोन गोष्टी माणसाला सारख्याच भासतात. यंत्राच्या लेखी एक म्हणजे बंद दार आणि दुसरी म्हणजे दाराविना भिंत. जुनी यादी काढून नवी बसविणाऱ्या स्क्रिप्टने कोरी यादी ठेवण्याऐवजी यादीच नाहीशी केली, तर दप्तर उघड्यावर पडते. आणि सर्वांचे काम सुरळीत चालू असल्याने कोणाला संशयही येत नाही.

आणखी एक उणीव अशी की रूपांतर करणारी स्क्रिप्ट एकेक शब्द सुटा पाहते. दोन निर्दोष अधिकार एका हाती आले की सदोष होतात, हे तिला दिसत नाही. गुण भरणारा आणि भरलेले गुण तपासून कायम करणारा एकच असेल तर तपासणीला अर्थ उरत नाही. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये कोसळली. तिच्या सिंगापूर शाखेत सौदे करणे आणि सौद्यांचा हिशेब मिटविणे ही दोन्ही कामे निक लीसन या एकाच माणसाच्या हाती होती. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला. तेथे दोष कोणत्या स्क्रिप्टचा नव्हता, कामवाटपाचा होता. परंतु चुकीचे कामवाटप स्क्रिप्टच्या हाती दिले तर ती ते बिनबोभाट आणि अतिशय वेगाने अमलात आणील, एवढाच काय तो फरक.

यावरून कोणी असे म्हणेल की स्क्रिप्टचा नाद सोडावा आणि एकेका फोल्डरवर हाताने परवानग्या द्याव्यात. हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. दोनशे फोल्डरांवर टिचक्या मारीत बसलेला माणूस शंभराव्या फोल्डरला थकतो आणि त्याच्या चुकांचा मागही राहत नाही. स्क्रिप्ट थकत नाही. ती चुकली तर सर्वत्र सारखीच चुकते, म्हणून चूक सापडते आणि एका जागी दुरुस्त करता येते. शिवाय ती वाचता येते, जपून ठेवता येते, मागील वर्षाच्या प्रतीशी ताडून पाहता येते. हाताच्या कामात यांतील एकही सोय नाही. तेव्हा स्क्रिप्ट जरूर असावी. ती अंधारात नसावी, एवढेच म्हणणे आहे.

अतिकडकपणाही तितकाच अनिष्ट होय. परीक्षेच्या ऐन दिवसांत ज्याला गुण भरायचे आहेत त्याला केवळ वाचण्याचा अधिकार मिळाला, तर तो तंत्रज्ञाची वाट पाहत बसत नाही. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचा पासवर्ड मागून घेतो. तो कागदाच्या चिठ्ठीवर येतो आणि टेबलाच्या काचेखाली मुक्काम करतो. सॉल्टझर आणि श्रोडर यांच्या आठ सूत्रांतील शेवटचे सूत्र नेमके हेच सांगते की रक्षणाची व्यवस्था माणसांना वापरण्यास सोपी असली पाहिजे, नाहीतर ती नीट वापरलीच जात नाही. आपल्या कचेऱ्यांतील पासवर्डांची देवघेव हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. चुकीच्या रूपांतराने अडलेले काम पुढे ढकलण्याचा तो एक नाइलाजाचा मार्गही असतो.

अखेर भुर्दंड कोणाला पडतो? गुणपत्रक बदलले अथवा हजेरीपट नाहीसा झाला, की संगणकाच्या नोंदीत एक नाव उमटते. ते बहुधा एखाद्या कनिष्ठ लिपिकाचे असते. त्याने तो अधिकार मागितलेला नसतो, आपल्याकडे तो आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याच्या पासवर्डावर काम कोणी केले हे सिद्ध करणे त्याला अशक्य असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकातील माहिती पुसणे वा बदलणे हे दोषास्पद मानले आहे. तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा माणसाने दिलेली परवानगी विचारतो. यंत्र यादीतील आकडा विचारते. या दोहोंत तफावत पडली की मधल्या फटीत सामान्य कर्मचारी सापडतो. संस्थांनाही आता निश्चिंत राहता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. परवानग्यांच्या नावांचा आणि प्रत्यक्ष अधिकारांचा तक्ता स्क्रिप्टच्या पोटात दडवून न ठेवता एका पानावर, कार्यालयात कळेल अशा मराठीत लिहावा. 'बदल करणे' या शब्दात पुसणे येते की नाही, 'पूर्ण ताबा' यात अधिकार वाटणे येते की नाही, हे त्यात स्पष्ट असावे. त्या पानावर कार्यालयप्रमुखाची सही असावी. न समजलेला शब्द आला की स्क्रिप्टने थांबावे. काम झाल्यावर तिने फोल्डरांवरील प्रत्यक्ष अधिकार उलट वाचून मूळ यादीशी ताडून पाहावेत आणि फरकाची यादी छापून द्यावी. 'तात्पुरता' म्हणून दिलेल्या अधिकारासमोर तो संपण्याची तारीख असावी. कारण तारखेविना दिलेला तात्पुरता अधिकार माणसाच्या निवृत्तीनंतरही जिवंत राहतो. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा त्याच्या नावावर कोणते अधिकार आहेत त्याचा उतारा मिळावा. जमिनीच्या मालकाला सातबारा मिळतो. संगणकावरील आपल्या अधिकारांचा उतारा लिपिकाला मिळू नये, याला काही कारण नाही.

यातील एकाही गोष्टीसाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती फक्त एक जाणीव की परवानगीचे नाव लिहिणे म्हणजे अधिकार देणे नव्हे, आणि अधिकार कोणी दिला याचे उत्तर 'यंत्राने दिला' असे असूच शकत नाही. यंत्र आदेश पाळते, आदेशाची जबाबदारी घेत नाही. ती सही करणाऱ्या हाताचीच राहते. त्या हाताने सही करण्यापूर्वी एक पान वाचावे, ही मागणी फार मोठी नाही.